सात कोपऱ्यांचं रान

झिपरूकाकाला ताप होता, म्हणून त्या दिवशी
साखळीचं मागचं टोक माझ्या हातात आलं.
चौथीची परीक्षा संपून आठवडा झाला होता.

भडगावच्या खाली, गिरणेच्या वळणावर
एक रान होतं सात कोपऱ्यांचं,
एकीकडून नदीने खाल्लेलं,
दुसरीकडून नाल्याने ओरबाडलेलं,
आणि बांधावर दोन चुलतभाऊ, एक आत्या,
एकमेकांची सावली टाळत उभे.

अण्णा म्हणाले, ह्या आकाराला नाव नाही.
नसू दे. त्रिकोण तर पडतील.
बाभळीच्या कोपऱ्यावरून सगळं रान दिसत होतं.
तिथून चुन्याच्या चार रेघा
समोरच्या चार कोपऱ्यांना गेल्या.
पाच त्रिकोण.
सात कोपरे, मग पाचच का?
बाभळीला टेकलेले दोन बांध सोड, ते म्हणाले,
उरलेल्या प्रत्येक बांधाला एक. मोज.
मी मोजले. खरंच पाच.

साखळी तेहेतीस फूट, सोळा आणे.
ऊन चढलं की लोखंड वाढतं
आणि कागदावरचं रान थोडं आकसतं,
म्हणून अण्णा तांबडं फुटायच्या आत निघायचे.
पुढे ते सुई रोवत जायचे, लाल चिंधीची,
मागून मी ती उपटून मुठीत घ्यायची.
मुठीत जितक्या सुया तितक्या साखळ्या.
एवढंच माझं काम.

न्याहारीला केशरआत्या जवळ आली.
हाई खरं कशावरून?
अण्णांनी केळीच्या पानाचा त्रिकोण फाडला,
त्याचे तीन कोपरे तोडले,
टोकाला टोक लावून दगडावर मांडले.
खालची कड सरळ. पाटीच्या काठासारखी.
माले तुना पानवर इसवास नई,
म्हणत तिने स्वतःचं पान घेतलं,
मुद्दाम वेडंवाकडं फाडलं,
एक कोपरा पसरट, सुपासारखा,
दोन सुईच्या अणीसारखे.
तोडले. मांडले. कड सरळ.
परत फाडलं. परत सरळ.
मग ती पानाकडे नाही, पुतण्यांकडे बघत म्हणाली,
एक कोपरा मोठा व्हयना
का बाकीना दोन लहान व्हतस.
थोरला खाली बघून पायाने ढेकूळ फोडत राहिला.

रात्री कंदिलाखाली अण्णा नकाशा काढत होते.
चार त्रिकोण बसले, बांधाला बांध लागून.
पाचव्याच्या बाजू: चार, चार आणि साडेआठ.
साडेआठची रेघ ओढली,
दोन्ही टोकांवर कंपास टेकवला,
दोन कमानी निघाल्या
आणि एकमेकींना न भेटताच संपल्या.
मधे बोटभर कोरा कागद.
अण्णा त्या कोऱ्या जागेकडे बघत होते.
मी गोधडीत डोळे मिटून जागी.
दुपारी एक खंड्या नदीवर सूर मारत होता,
तीन वेळा रिकाम्या चोचीने वर आला,
चौथ्यांदा मासा.
तो मासा मला नीट आठवत होता.
त्या वेळच्या सुया नाही.

रागावले नाहीत. एवढंच विचारलं,
आत्याच्या वाट्याचा बांध कुणी मोजला?
मी, म्हणाले.
सगळा हिशोब बरा दिसला असता, ते म्हणाले,
हा मिटला नाही म्हणून कळलं.
आणि कंदील बारीक केला.

दुसऱ्या दिवशी उजाडताना आम्ही दोघंच गेलो.
गवत ओलं, बाभळीवर होले.
नदीकडच्या बांधावर,
जिथे खंड्या बघत मी थांबले होते,
तिथे पाचवी सुई उभी होती.
रात्रभर, चिंधी दवाने जड होऊन,
एक साखळी जमीन राखत.

पाच, चार, साडेआठ.
कमानी भेटल्या.
सव्वासहा गुंठे, अण्णांनी लिहिलं,
आणि सुई माझ्या मुठीत दिली.