पानथरी

सायकलच्या मुठीचा वळ
डाव्या बरगडीखाली,
पन्नास बैशांच्या नाण्याएवढा.
बाहेर एवढंच.
आत, स्कॅनच्या करड्या उजेडात,
पानथरी मधोमध चिरलेली
आणि भोवती रक्त साकळलेलं.

शाहदाद, वय आठ, वजन तेवीस.
बाप दोर महंमद सोहारच्या किनाऱ्यावर तारली पकडतो,
अंगाला अजून मासळीचा खारट वास.
मोडक्या हिंदीत विचारतो, कधी कापणार?
म्हटलं, कापणार नाही. बघणार.
तो माझ्या हातांकडे बघत राहिला,
भर हंगामात
कुणी चांगली होडी ओढून वर ठेवावी
तिच्याकडे बघावं तसा.

मिरजेला शिकत होते तेव्हा
असं पोट आलं की उघडायचंच.
सरांचा हात झरझर चालायचा.
विसाव्या मिनिटाला पानथरी ट्रेमध्ये,
जांभळी, कोमट, पोराच्या मुठीएवढी.
बाहेर आईला सांगायचं, वाचला.
ते खोटं नसायचं.
पण त्यातला एक, बेडगचा,
तीन वर्षांनी ताप घेऊन आला सकाळी
आणि दिवेलागणीला नव्हता.
त्याचं नाव आठवत नाही मला.
टाके आठवतात. माझेच होते.

म्हणून आता हे,
काही न करण्याचं लांबलचक काम.
दर तासाला नाडी, दर सहा तासांनी रक्ततपासणी,
पोटाचा घेर मोजायला शिंप्याची टेप,
फ्रीजमध्ये त्याच्या गटाच्या दोन पिशव्या,
आणि माझ्या डोक्यात एक रेघ.
ती ओलांडली, की बघणं संपलं.

एकशे अठ्ठावीस. एकशे सोळा. एकशे दहा.
लिजी सिस्टर आकडे लिहिते,
सातचा आकडा नसला तरी पेन चालत नाही म्हणून झटकते.
पावणेतीनला:
एकशे चव्वेचाळीस.

थिएटरला फोन केला. भूलतज्ज्ञ घरून निघाले.
बापासमोर सहीचा कागद धरला.
पोटावर हात ठेवला तर वर मऊ,
बेंबीखाली मात्र तट्ट.
रक्तदाब जागेवर, ओठ लाल.
मग हे काय?

शाहदादनं तोंड भिंतीकडे फिरवलं,
बापाला खाली ओढलं,
कानात बलुचीत काहीतरी.
बाप गोंधळला. मग कागद गादीवर ठेवून,
स्वतःच लाजत,
डागदर, त्याला लघवी लागलीय.
सिस्टरसमोर कसं सांगणार?

आम्ही दोघी पडद्याबाहेर.
प्लास्टिकच्या भांड्यात धार वाजली,
बराच वेळ वाजत राहिली.
लिजी ओढणीत, म्हणजे नसलेल्या ओढणीत, हसू लपवत होती.
माझे गुडघे आत्ता कुठे थरथरायला लागले.
एकशे सहा.

थिएटरला सांगितलं, नको.
भूलतज्ज्ञ अर्ध्या रस्त्यातून वळले,
काय म्हणाले ते इथे लिहीत नाही.

सहाव्या दिवशी दोर महंमदनं
सुक्या तारल्यांची पिशवी माझ्या टेबलावर ठेवली.
तीन महिने सायकल नाही, मी म्हटलं.
विकलीच, तो म्हणाला.
पोरगं ते ऐकून रडलं नाही.
त्याचं दुःख वेगळं होतं:
शर्ट वर करून पुन्हा पुन्हा बघत होता,
शाळेत दाखवायला
एक टाकासुद्धा नाही.
वळही पिवळा पडत चाललेला.