शीव

चौतीस वर्षं रेघा ओढल्या मी,
इंदुरात, प्राधिकरणाच्या तिसऱ्या मजल्यावर,
अमोनियाच्या वासात,
उतरत्या टेबलाला पोट टेकवून.
हद्दीची रेघ तुटक असते:
एक टाका वर, एक टाका खाली,
आई अभ्र्यांना घालायची तसा धावदोरा.
हद्दीला शीव म्हणतात आपल्याकडे.
आणि काही उसवलं की आईही हेच म्हणायची,
सुईत दोरा ओवून माझ्या हातात देत: शीव.

शहर पुढे सरकवलं मी,
एका इंचात चारशे फूट.
बोराच्या झुडपांवरून, गव्हावरून, दोन विहिरींवरून
पेन गेलं
आणि काहीही आवाज झाला नाही.

एकदाच चुकलो.
शहात्तर साल, फेब्रुवारी, मोहरीचा हंगाम, मला शिंक आली
आणि शाईचा टपोरा थेंब
बरोबर साठ फुटी रस्त्याच्या मधोमध.
ब्लेडने खरवडलं तर ट्रेसिंग फाटेल,
नवीन करायला तीन दिवस, साहेब दौऱ्यावर निघालेले.
मग रस्ताच वळवला थेंबाला वळसा घालून.
सही झाली. कुणी विचारलं नाही.

आता त्याच वस्तीत राहतो, चौथ्या मजल्यावर.
खाली तो वळसा आहे.
लोक सांगतात, इथे भेरूजींचं ठाणं होतं,
इंजिनियरचं रोलर तीनदा बंद पडलं,
म्हणून देवाला वाट सोडली.
शेंदूर लावलेला दगडही आहे,
नारळ फुटतात, शनिवारी दिवा असतो.
मी गप्प.
मीसुद्धा जाता-येता हात जोडतो,
शिंकेला म्हणा, कशालाही म्हणा.

वळशाच्या पोटात एक तिकोना उरला आहे,
कुठल्याच प्लॉटमध्ये नसलेला, कुठल्याच खसऱ्यात नसलेला.
रेशमबाई तिथे लसूण लावते.
तिच्या सासऱ्याची जमीन सगळी माझ्या टाक्यांखाली गेली,
हे तिला ठाऊक नाही.
किंवा असेल.
दर चैत्रात एक जुडी आणून देते, पैसे घेत नाही.

शाल्मली, माझी पुतणी, सध्या चीनमध्ये,
कंपनीच्या मशिनी तपासायला.
शहराचं नाव तिने तीनदा सांगितलं,
माझ्या जिभेवर काही बसेना.
"काका, मी शहरात कुठे? शहर तर पाऊण तास लांब.
हे आपल्या बायपाससारखंच आहे."
आणि तिने फोन खिडकीला लावला.

क्रेन. हिरव्या जाळीत गुंडाळलेले अर्धे मनोरे.
बसथांबा, तिथे कुणी नाही.
नवा कोरा सहापदरी रस्ता, त्यावर एक सायकल.
आणि उड्डाणपुलाखाली, दोन फाटे जिथे वेगळे होतात तिथे,
एक तिकोना,
त्यात कोबी,
आणि टोपीवाला एक म्हातारा
डब्याने पाणी घालतो आहे, एकेका गड्ड्याला, सावकाश.

मी तसाच खाली उतरलो, चपला न घालता.
रेशमबाईला फोन दाखवला.
तिने मातीचे हात पदराला पुसले,
डोळे बारीक केले.
"कईं बोयो हे उने?"
कोबी, म्हटलं.
"घणो पास-पास लगायो," ती म्हणाली,
आणि परत निंदायला बसली.

आमच्याकडे उन्हं नुकती वर येत होती,
तिथे अडीच तास पुढचा दिवस.
शाल्मली म्हणाली, ठेवते काका, साइटवर जायचंय.
पडद्यावर शेवटी म्हातारा होता,
कंबर सरळ करत.

तिथल्या कुठल्या मजल्यावर, कुठल्या टेबलाशी,
कोण बरं शिंकलं असेल?
विचारायला हवं होतं तिला.
तिला तरी कुठून माहीत असणार म्हणा.

रेशमबाईने एक गड्डी उपटली, झटकली,
माझ्या अनवाणी पायांवर माती उडाली.