मागची बाजू

गोकुळ शिरगावच्या शेडमध्ये रिळं येतात,
पांढरी, गार, साबणासारखी निसरडी.
बाजाराची पिशवी ज्या पॉलिथिनची, त्याच जातीचा हा धागा.
फक्त रेणू लांबच लांब,
आणि ओढून ओढून सगळे एका दिशेला निजवलेले.
साधी कात्री त्याला नुसती चघळते.
रेझिनही नीट धरत नाही. घोरपडे सर म्हणतात,
'सोयरीक जमते, संसार होत नाही.'

उभा थर, आडवा थर, पुन्हा उभा.
प्रेसचा काटा एकशेपंचवीसवर.
त्याच्या फार वर गेलं
की धागा सगळं शिक्षण विसरतो
आणि पुन्हा पिशवी होतो.

माझा आजा पिंजारी होता.
खांद्यावर धनुकली घेऊन दारोदार,
तार टणत्कारली की पोरं मागं लागायची.
तो तंतू सुटे करायचा, फुगलेले, दिशा नसलेले.
मी नेमकं उलटं करते
आणि महिन्याच्या सात तारखेला पगार घेते.

काल अब्बा लॅब बघायला आले.
दस्तगीर नदाफ, उद्यमनगरात एकतीस वर्षं मोल्डर.
बिडाचा माल हातोडीनं ठोकून बघणारा माणूस.
खणखणला तर पास,
घोगरा वाजला तर परत भट्टीत.
डावा कान ग्राइंडरनं खाल्ला,
उजवा थोडा आहे, लग्नकार्यापुरता.

त्यांना काचेमागं उभं केलं.
पोलादी गोळी, सेकंदाला पाचशे मीटर.
समोर पंधरा मिलिमीटरची फळी, तिच्या मागं मातीचा ठोकळा.
गोळी टेकते तेवढ्यात
धाग्यातून बातमी वीसपट वेगानं कडेपर्यंत पळते,
अख्खी गल्ली धावून येते,
थर थरापासून सुटतात, ताणले जातात, गोळीला मिठीत घेतात.
बाहेर ऐकू येतं ते एवढंच:
भद्द.

फळी सोडवून त्यांच्या हातात दिली.
त्यांनी खिशातला पाना काढला, सवयीनं ठोकला.
'वाजत न्हाई.'
'वाजायचं नसतंय, अब्बा. फुटलं नाही ना?'
'हलकी हाय.'
'पाण्यावर तरंगते.'
हौदाकडं जाऊन त्यांनी खरंच तरंगवून बघितली.
बिडात आयुष्य गेलेला माणूस
तरंगत्या फळीला बोटानं दाबत बसला,
ती वर येत राहिली.

मग उलटी केली.
समोरून एक बारीक भोक,
मागून फुगवटा, भाकरी तव्यावर फुगावी तसा.
अंगठा त्यावरून दोनदा फिरला.
'आन् हे?
हे आतल्या माणसाला लागतंय की.'

मी सांगितलं, चव्वेचाळीस मिलिमीटरपर्यंत चालतं.
आमचं एकतीस आलं. पास.
'कुणाला चालतं?'
सर फाइल चाळत होते. मी कॅलिपर पुसत होते.

जाताना कोपऱ्यातल्या ओव्हनशी थांबले.
आत साठ अंशांवर एक धागा टांगलाय, खाली बारा किलो.
अठ्ठावन्न किलोला तुटणारा धागा,
बारा किलोला तुटत नाही.
रोज सकाळी नऊला मी त्याची लांबी लिहिते,
रोज थोडी जास्त.
'ह्यो किती दिवस?'
'चाळीस झाले.'
'उतरवत का न्हाईस मग?'
उतरवला तर आकडा मिळणार नाही, हे सांगायला
त्यांच्या उजव्या कानाशी जावं लागलं असतं.
गेले नाही.

बस कागलकडून आली, ते बसले.
मी आत येऊन मातीचा ठोकळा ओढला.
पुढच्या गोळीआधी खड्डा भरावा लागतो, पातीनं सपाट करावा लागतो,
नाहीतर मोजमाप खोटं येतं.
खड्ड्याच्या काठावर एक अंगठा उमटला होता,
रुंद, रेषा घासून गेलेला.
कधी दाबला, दिसलं नाही.
मोल्डरचा हात, माती दिसली की राहवत नाही.

पाती हातात होती.
त्या बाजूनं मी पुढची फळी लावली नाही.
ठोकळा फिरवला.
रजिस्टरमध्ये लिहिलं: बाजू ब.