घडी

चादरीची दोन टोकं बाउतिस्ताकडे,
दोन विओरिकाकडे.
कास्तेयोनच्या बंदराजवळ, तिसऱ्या मजल्याच्या गच्चीत
वारा मधेच तिचं पोट फुगवतो
आणि म्हातारा नकळत पाय रोवतो,
होडीवर चाळीस वर्षं रोवले तसे.
उजव्या हातात जोर नाही आता.
तिकडचं टोक तो काखेत धरतो.

खाली, फार खाली, एक लॅटिन क्रियापद आहे.
प्लिकारे: घडी घालणे.
एवढंच. कापड, शीड, तंबू,
जे दुमडतं ते.
मग माणसं पांगली, क्रियापद त्यांच्या बोचक्यात गेलं.
शीड दुमडलं की किनारा आलेला असे,
म्हणून स्पेनमध्ये ते झालं पोचणे. येगार.
त्यात मला आपला 'ये' ऐकू येतो.
योगायोग आहे, ठाऊक आहे. तरी येतो.
डान्यूबपलीकडे तंबू दुमडला की मुक्काम हलायचा,
तिथे ते झालं निघणे. प्लेका.
पंडित सांगतात असं; शपथ कुणी घेत नाही.
आपणही गाशा गुंडाळतोच की,
घोड्यावरून उतरून इतक्या पिढ्या झाल्या तरी.

पहिल्याच आठवड्यात, रात्री नऊला
विओरिका अजून भांडी घासत होती.
बाउतिस्ता खुर्चीतून ओरडला, "प्लेगा!"
त्याच्या वालेन्सियन बोलीत: पुरे, काम आवर.
तिच्या कानात रोमानियन शिरलं: "प्लेआका!"
चालती हो.

तिने हात पुसले. कोट घातला.
बॅग जिन्यापर्यंत नेली
आणि तिथेच उभी राहिली, कारण
वास्लुईची बस गुरुवारी होती, आणि तो मंगळवार.

भिंत धरत तो दारात आला.
कोट पाहिला. बॅग पाहिली.
मग डाव्या हाताने टेबलावरचा फडका उचलून
वेडीवाकडी एक घडी घातली,
पायाने खुर्ची पुढे सरकवली.

नऊ वर्षं झाली त्याला.

अर्धी चादर. पाव.
दर घडीला दोघं एकेक पाऊल जवळ,
आणि सगळ्यात शेवटी तिची बोटं त्याच्या बोटांवर.
इथे मी आधी 'शेवटची घडी' लिहिलं होतं.
खोडलं. मराठीत भलताच अर्थ होतो.

"प्लेक लुनी," ती म्हणते, आपल्याच भाषेत, चादरीकडे बघत.
सोमवारी निघते. लेकीचं बाळंतपण, दीड महिना.
त्याला ऐकू येतं: सोमवारी काम सुटतं.
तो मान डोलावतो. सुटायलाच हवं कधीतरी.

चादर कपाटात, वरच्या फळीवर.
मी येईपर्यंत घडी मोडायची नाही, ती बजावते.

सोमवारी रात्रीच त्याने मोडली.
थंडी वाजत होती, म्हणाला फोनवर.
जुलै होता.