पाच वॅटचा डबा

ओबेदनं ॲम्प आणला तो टॉवेलात गुंडाळून,
आपल्याच गावचा टॉवेल, काठाला लाल रेघ.
"पाच वॅट आहे फक्त," म्हणाला,
जसं दवाखान्यात कुणी बाळाचं वजन सांगावं.
चर्चच्या हॉलात मागच्या बाकापर्यंत पोचत नाही,
मोठ्या मिक्सरला जोडायचाय.
"पण मल्लेशमअण्णा, आवाज हाच पाहिजे.
आणि किती जाऊ द्यायचा, ते माझ्या हातात पाहिजे."

मी तेवीस वर्षं अशोक चौकामागच्या शेडमध्ये
माग चालवले. शेड विकून झाली,
धोटा कानातून गेला नाही.
बशीवर चमचा वाजला तर मला कळत नाही.
जाड गुणगुण तेवढी कळते,
ती तर मी पायांनी ऐकतो.
असा माणूस आवाजाचे डबे दुरुस्त करतो,
हे गल्लीत सगळ्यांना माहीत आहे, ओबेदलाही.

प्लग काढला. थांबलो.
वीज गेल्यावरही डब्याच्या पोटात
तीनशे व्होल्ट दबा धरून बसतात.
डावा हात खिशात,
उजव्या हातानं कपॅसिटर हळू रिकामा केला,
काटा शून्यावर टेकेस्तोवर
ओबेदशीसुद्धा बोललो नाही.

पहिली गोष्ट: स्पीकर तोडायचा नाही.
लोकांना वाटतं, आवाज बाहेर न्यायचा
म्हणजे घरातला बंद करायचा.
ओझं काढलं की हा ट्रान्सफॉर्मर
मोकळा होत नाही,
जळतो.

म्हणून स्पीकरच्या दोन टोकांवरनं
एक धागा तेवढा उचलला,
चार हजार सातशे ओहमच्या रेझिस्टरमधनं नेला,
पुढे एक हजाराचा पॉट,
पॉटच्या मधल्या पायावरनं जॅक.
जॅकखाली प्लॅस्टिकचा वॉशर,
पत्र्याला टेकला तर दोन डबे
अर्थिंगवरनं भांडत बसतात, गुंईंऽऽ,
जमिनीवरनं भांडावं तसे.

एप्रिलची दुपार. पंखा बंद,
वाऱ्यात सोल्डर थिजतं.
घामाचा थेंब तापल्या लोखंडावर पडला, चुर्र झाला,
तो मात्र मला ऐकू आला. का कुणास ठाऊक.

वायर गल्लीपार नेली,
मंडळाच्या पडून असलेल्या खोक्याला जोडली.
ओबेद गिटार घेऊन बसला.
आता ऐकणार कोण?
समोरच्या ओट्यावर राजव्वा,
मांडीवर सूप, हातात कात्री, सकाळपासून बिड्या.
"राजव्वा, जरा सांगा ओ, कसं येतंय?"

पॉट थोडा फिरवला.
"भिंतीआड कोणतरी बोलतंय."
अजून थोडा.
"आता दारात आलं."
अजून.
"आता सुपात येऊन बसलं की हो! उठवा त्याला,
माझी पानं विस्कटली."
मागे घेतला, केसभर.
"हां. तिथं. तिथं बसू द्या त्याला."

तिथं मी पेन्सिलनं रेघ मारली.
मीटरवर अर्ध्या व्होल्टच्या आसपास काटा नाचत होता.
मीटरपेक्षा राजव्वा बरी,
मीटर दारात-सुपात असलं काही सांगत नाही.

"तुम्हाला ऐकू आलं का पण?" तिनं विचारलं.
मी पाच वॅटच्या डब्यापाशी वाकलो,
स्पीकरच्या कागदावर तळहात ठेवला.
कागद थरथरत होता.
पॉट मिटवला, तरी तसाच.
पूर्ण उघडला, तरी तसाच.
आपल्यातलं बाहेर किती गेलं
त्याला पत्ताच नव्हता.

हो, म्हणालो.

दोनशे चाळीस रुपये झाले. ओबेदनं अडीचशे दिले,
दहा परत घेतले नाहीत, टॉवेल विसरला.
राजव्वा म्हणाली, तुमच्या नादात कट्टा चुकला माझा,
आणि पहिल्यापासून पंचवीस मोजायला लागली.