रिकामी पट्टी

मार्चमध्ये ओताकार गेला.
बहिणीने त्याचं कपाट नेलं, अकॉर्डियन नेलं,
आणि सहाव्या मजल्यावर, माझ्या दारात
ठेवून गेली त्रेचाळीस कुंड्या.
"तुझ्या नावाने चिठ्ठी आहे," म्हणाली,
"मला बाई किळस येते, मांस खाणाऱ्या पाल्याची."

चिठ्ठीत मायेचं अक्षर नव्हतं.
पाणी पावसाचंच. नळाचं दिलंस तर विष दिलंस.
खत नको. कधीच नको. ही उपाशी मातीतच वाढतात.
सापळ्यात उगाच बोट घालू नकोस,
दर मिटण्याची त्यांना किंमत पडते.
हिवाळ्यात सापळ्यांना फ्रिजमध्ये ठेव, लोण्याशेजारी.
आणि तळाशी, खाली रेघ मारून:
नावाची खात्री नसेल तर लिहू नकोस.
खोट्या नावापेक्षा रिकामी पट्टी बरी.

चाळीस वर्षं ओस्त्रावाच्या कोळशात काढलेला माणूस,
पण मार्कर उन्हात उडतो हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.
निम्म्या पट्ट्या पांढऱ्याफटक.
एकीवर नुसता 'स', एकीवर प्रश्नचिन्ह,
तेवढं मात्र पेन्सिलीने, म्हणून टिकलेलं.

रात्रपाळी संपवून येते, बूट काढते,
आणि भिंग घेऊन बाल्कनीत उकिडवी बसते.
दवबिंदूंची पानं आधी बघायची:
हे चमच्यासारखं, हे गोल, शर्टाच्या बटणाएवढं,
हे लांब, रिबिनीसारखं, चिलटाभोवती हळूहळू वळणारं.
हा लांबवाला केपचा. याचं बी कुठेही पडतं,
दुसऱ्याच्या कुंडीत उगवतो
आणि दुसऱ्याच्या पट्टीखाली
खुशाल त्याचाच म्हणून नांदतो.
चार वेळा फसले मी.

घटपर्णीला मेमध्ये फूल आलं,
उलट्या छत्रीसारखं, पिवळंजर्द.
नाक जवळ नेलं तर
मांजराने मुतल्यासारखा वास.
इतका आनंद मला
स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता.
पेन्सिलीला टोक केलं आणि लिहिलं: फ्लावा.

माझं कामही तसं पट्ट्यांचंच.
मनगटावरचं नाव, जन्मतारीख,
औषध देण्याआधी दोनदा वाचायचं.
तो आमच्याच वॉर्डात होता, खिडकीजवळ.
पट्टीवर म्लिनेकऐवजी म्लिनार छापलेलं.
"राडमिला," म्हणाला, "हा मी नव्हे."
मी म्हटलं, सकाळी बदलू,
तीन जणांना ऑक्सिजन लावायचाय.
जन्मतारीख तर बरोबर आहे ना?
तो हसला. हसताना छातीत खडी वाजली.
सकाळी खाट धुतलेली होती.

जूनमध्ये एक कोरी पट्टी घेतली
आणि पेन्सिलीने सावकाश लिहिलं: ओताकार म्लिनेक.
दोनदा वाचलं.
ती कुठल्या कुंडीत खोचायची ते कळेना,
म्हणून चमच्यांच्या खणात आहे.

खालच्या मजल्यावरचा वोय्ता शनिवारी येतो,
काडेपेटीत चिलटं घेऊन.
त्याच्या आईने फ्लॉक्स लावलेत, त्यांच्या मातीतली.
चिमट्याने एक ठेवतो सापळ्यात
आणि श्वास रोखून मोजतो:
एका केसाला स्पर्श, काही नाही.
दुसऱ्या केसाला,
आणि मिटलं.
"हिचं नाव काय?" तो कोपऱ्यातल्या कुंडीकडे बोट करतो,
ती प्रश्नचिन्हवाली.
"माहीत नाही."
"पुस्तकात बघ की."
"बघितलं. दोघींपैकी एक आहे. फूल आलं की कळेल."
"कधी येईल?"
"कदाचित पुढच्या वर्षी. कदाचित नाहीच."

तो जरा विचार करतो,
उरलेलं चिलट तिच्याच पानावर ठेवतो,
आणि पावसाचं पाणी आणायला
बादली घेऊन गच्चीवर जातो.