डाव्या आरशापाशी

श्रेणिकनं किल्ली बाळगोंडाच्या हातात दिली.
किल्ली कसली, नदीतला गुळगुळीत काळा गोटा.
बाळगोंडानं ती तशीच माझ्याकडं सरकवली,
"चालवणार त्या हाईत," म्हणाला,
आणि मागच्या सीटवर जाऊन बसला
पाय कुठं ठेवायचे ते न कळून.

पोराचा चेहरा क्षणभर न्यूट्रलमध्ये.
मग पाठ केलेलं सगळं त्यानं
पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं,
शून्य ते शंभर, इतके सेकंद,
या वेळी "मॅडम" लावून.

मी बटण दाबलं. काहीच झालं नाही.
म्हणजे झालं होतं, मला ऐकू आलं नाही.
एकतीस वर्षं उद्यमनगरात
मी यंत्रं कानानं ओळखत आले:
बेअरिंग कोरडं पडलं की कण्हतं,
टूल बोथट झालं की लेथ दातओठ खातो,
पलीकडच्या गाळ्यातला प्रेस एक ठोका चुकला
तरी माझ्या हातातला चहा थांबतो.
आणि इथं एवढं मोठं इंजिन
देवळात आल्यासारखं
चपला बाहेर काढून बसलेलं.

तावडे हॉटेलच्या चौकात जरा भ्यालेच.
बोनेट कुठं संपतं ते दिसत नव्हतं.
एक रिक्षावाला वाकून आत बघत म्हणाला,
"नाद खुळा!"
काच बंद होती. मी ओठांवरून वाचलं.

"आता द्या, मॅडम."
दिलं.
पाठ सीटला चिकटली,
पोटातलं काहीतरी मागंच राहिलं,
पंचगंगेचा पूल आला म्हणेस्तोवर गेला,
आणि मी, बावन्न वर्षांची बाई,
मोठ्यांदा हसले.
असं शेवटचं कधी हसले होते
ते आठवायच्या आत सांगली फाटा आला.

स्टिअरिंगचं म्हणाल तर
चांगल्या फिटरच्या हातातला पाना,
हवं तेवढंच फिरतं, मग थांबतं.
सीट कमरेला धरून ठेवते,
ओळख नसताना जरा जास्तच.
आणि डाव्या आरशापाशी, ऐंशीच्या पुढं,
एक बारीक शिट्टी.
श्रेणिकला ती ऐकू येत नव्हती.
बाळगोंडानं आरशातून माझ्याकडं पाहिलं.

हालोंडीच्या अलीकडं उसाच्या ट्रॉल्या,
एकामागं एक दोन,
मागं दिवा नाही, लाल फडकंसुद्धा नाही,
आणि मी पडद्यावरचा कसलातरी आकडा बघत होते.
माझा पाय पोचायच्या आधी गाडी थांबली.
पट्ट्यानं खांद्याला धरून मागं ओढलं.
काचेपासून हातभर अंतरावर
वाढ्याचं एक पान हलत होतं.

"आयला," श्रेणिक म्हणाला,
त्याचं पहिलं पाठ नसलेलं वाक्य.
मग लाजला.

मी ट्रॉलीचे हब टर्न करते.
महिन्याला सहाशे, कडेवर 'शां' ठोकून.
वाटलं, उतरून वाकावं
आणि त्या चाकांत बघावं.
उतरले नाही.
ट्रॅक्टर गाणी लावून डुलत गेला,
त्याला काही कळलंही नाही.

परत येताना चाळीसनं आले.
शोरूमच्या दारातल्या स्पीडब्रेकरवर
पोट घासलं, खर्रर्र.
एवढ्या वेळात गाडी जे बोलली
त्यातलं हे एकच मला पुरतं कळलं.

श्रेणिकनं किंमत सांगितली, ऑन रोड.
मी मनात तिचे हब केले,
हबांच्या पाळ्या, पाळ्यांची वर्षं,
आणि मधेच सोडून दिलं.
"कळवते," म्हणाले.

गाळ्यावर पोरं मशीन बंद करून उभी.
"कशी हाय वो गाडी, अक्का?"
"शिट्टी वाजत्या," बाळगोंडा म्हणाला,
आणि सगळे असे हसले
की जणू आम्ही कुठला सामना जिंकून आलो.

हबाबरोबर एकेक लाल रिफ्लेक्टर
फुकट दिला तर कितीला पडंल,
ते काढायला सांगितलं त्याला.
मग ॲप्रन चढवून लेथपाशी उभी राहिले.
उजवा पाय
उगाचच खाली दाबत होता.